मेकर-चेकरचे नियम: अलॉय, टीएलए प्लस की नुसता तक्ता?

आडवा_तक्ता (धागाकर्ता)

पतसंस्थेच्या कर्जमंजुरी मॉड्यूलचं बीआरडी, म्हणजे ग्राहकाच्या गरजांचा दस्तऐवज, आलंय. पानं भरपूर आहेत, पण गाभा या सात नियमांत आहे:

१. प्रस्ताव मेकर नोंदवेल, चेकर मंजूर करेल. दोघे वेगळे असतील.
२. रजेवर जाणारा अधिकारी आपले अधिकार दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवू शकेल.
३. ५ लाखांपर्यंतचं कर्ज शाखाधिकारी मंजूर करेल.
४. ५ ते २५ लाखांचं मुख्य कार्यालय, त्यावरचं कर्ज उपसमिती.
५. विनातारण कर्ज १ लाखापर्यंत शाखाधिकारी मंजूर करेल.
६. मंजुरीनंतर रक्कम बदलल्यास प्रस्ताव पुन्हा मंजुरीला जाईल.
७. मंजुरीपासून ९० दिवसांत उचल न झाल्यास मंजुरी रद्द होईल.

यूएमएल क्लास डायग्राम (काय कशाशी जोडलंय ते दाखवणारी आकृती) तयार आहे, रिव्ह्यूत सगळ्यांनी माना डोलावल्या आहेत. कोडला हात घालण्याआधी या नियमांतली भोकं शोधायची आहेत. पूर्ण सिद्धता नको. अलॉय, टीएलए प्लस, झेड, बी या नियम गणिती भाषेत लिहून तपासायच्या पद्धतींतलं काय घ्यावं आणि किती खोल जावं?

---

शून्याधारित

आधी नियमांची विभागणी करा. ३, ४, ५ हा निव्वळ तक्ता आहे, त्याला काळाशी देणंघेणं नाही. १ आणि २ मध्ये कोण कोणाशी कसा जोडलाय हा प्रश्न आहे. ६ आणि ७ मध्ये घटनांचा क्रम. सातही नियम एकाच साधनात कोंबले की मॉडेल फुगतं आणि चूक नियमात आहे की मॉडेलमध्ये हेच कळेनासं होतं.

बी मेथड इथे बाजूला ठेवा. तिची ताकद स्पेसिफिकेशनपासून टप्प्याटप्प्याने कोडपर्यंत सिद्ध करत उतरण्यात आहे. पॅरिस मेट्रोच्या १९९८ साली सुरू झालेल्या १४ नंबरच्या चालकविरहित मार्गासाठी ती वापरली. तुम्हाला तेवढं उतरायचंच नाहीये.

तक्त्यापासून सुरुवात करा, कारण तिथे एका दुपारीत निकाल लागतो. नियम ४ चे दोन भाग धरून एकूण चार ओळी होतात. इनपुट दोनच: रक्कम आणि तारण आहे की नाही. आता झेड-थ्रीसारख्या एसएमटी सॉल्व्हरला, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारं उदाहरण शोधणाऱ्या प्रोग्रामला, तीन प्रकारचे प्रश्न विचारा.

पहिला, एकमेकांवर चढणं. दोन ओळी एकाच वेळी लागू होतात आणि निकाल वेगळा देतात, असं इनपुट आहे का? चार ओळींच्या सहा जोड्या, म्हणजे सहा प्रश्न. उत्तर लगेच येतं: रक्कम बरोबर ५ लाख. नियम ३ म्हणतो शाखाधिकारी, नियम ४ म्हणतो मुख्य कार्यालय.

दुसरा, फुकटचा नियम. एखादी ओळ काढली तरी निकाल कुठल्याच इनपुटसाठी बदलत नाही, असं आहे का? आहे, नियम ५. विनातारण १ लाख हे '५ लाखांपर्यंतचं कर्ज' असतंच, तेव्हा नियम ३ ने ते आधीच शाखाधिकाऱ्याला दिलंय. पण कुणी उगाच नियम लिहीत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात ३ आणि ४ फक्त तारणी कर्जासाठी असणार.

तिसरा, भोक. तसं धरून ३ आणि ४ ला 'तारणी' ही अट लावा आणि विचारा: एकही ओळ लागू होत नाही असं इनपुट आहे का? सॉल्व्हर विनातारण १ लाख १ रुपया पुढ्यात ठेवेल. ते कर्ज कोण मंजूर करणार, की द्यायचंच नाही? हे बीआरडीत कुठेही नाही.

तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या आधी विचारला असता तर भोक दिसलंच नसतं, कारण ढिला लिहिलेला नियम ३ सगळं झाकून टाकतो. म्हणून फुकटच्या नियमाची तपासणी वगळू नका. बरेच लोक नेमकी तीच वगळतात.

---

पाणकळा

वरच्याला जोड: ही पद्धत जुनी आणि चांगली मुरलेली आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस ए-७ विमानाच्या उड्डाण सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट्स तक्त्यांत लिहिल्या गेल्या, त्यातून एससीआर ही तक्त्यांची पद्धत आली. ओळी एकमेकींवर चढू नयेत आणि सगळ्या शक्यता झाकल्या जाव्यात, या दोन कसोट्या तिथल्याच. आपल्याकडे पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात ईडीटी नावाची तक्तावजा नोटेशन तयार झाली, ती रिॲक्टिव्ह, म्हणजे बाहेरच्या घटनांना सतत प्रतिसाद देणाऱ्या, सिस्टिम्ससाठी आहे. तिच्यात इनपुटचा क्रमही तक्त्यातच लिहिता येतो.

---

रानवाट

नियम १ आणि २ साठी अलॉय. ते तुमच्या अटींत बसणारी छोटी विश्वं धुंडाळतं आणि दावा मोडणारं उदाहरण, म्हणजे प्रतिउदाहरण, दाखवतं. पण मॉडेलचे पहिले चार निर्णय चुकले तर टूल आनंदाने 'प्रतिउदाहरण नाही' सांगेल आणि तुम्ही फसाल. तेवढे चार नीट सांगतो.

(क) 'कर्मचारी' आणि 'सभासद' यांना 'व्यक्ती'चे एक्सटेंड्स करू नका. अलॉयमध्ये एक्सटेंड्सने केलेले प्रकार आपोआप एकमेकांपासून वेगळे होतात, म्हणजे कर्मचारी कधीच सभासद असू शकत नाही. पतसंस्थेत कर्मचारी सभासद असतो आणि कर्जही घेतो. 'इन' वापरून दोन्ही उपसंच करा, म्हणजे ते एकमेकांत मिसळू शकतील. हे केलं की पहिल्याच तपासणीत दिसेल: चेकर स्वतःचंच कर्ज मंजूर करतोय. नियम १ मेकर आणि चेकर यांच्याबद्दल बोलतो, कर्जदाराबद्दल गप्प आहे.

(ख) 'प्रतिनिधी' (अधिकार कुणाकडे सोपवलेत) या फील्डला मल्टिप्लिसिटी, म्हणजे किती जण ते, लिहा. काहीच न लिहिल्यास अलॉय 'नेमका एक' धरतं. म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याला कायम एक प्रतिनिधी. वर तुम्ही शहाणपणाने 'सोपवण्याची साखळी फिरून स्वतःपाशी येऊ नये' ही अट टाकली, की मर्यादित कर्मचाऱ्यांत हे दोन्ही जमणं अशक्य होतं. उरतं एकच विश्व: ज्यात एकही कर्मचारी नाही. त्यात सगळे ॲसर्ट (तपासायचे दावे) पास! तुम्हाला हवंय 'शून्य किंवा एक'. तुमच्या यूएमएलमध्ये त्या रेषेवर १ लिहिलंय का, तेही बघा. हीच चूक तिथे असेल तर कागदावर ती ओरडत नाही.

(ग) रकमा आकड्यांत लिहू नका. अलॉयचे पूर्णांक मुळात ४ बिटांचे, म्हणजे -८ ते ७. ५००००० लिहायला बिट वाढवले तर अलॉयच्या आतला सॅट सॉल्व्हर (उदाहरण शोधणारं इंजिन) धापा टाकेल. 'लहान, मध्यम, मोठी' अशा तीन पायऱ्या ऑर्डरिंग मॉड्यूलने क्रमात लावा. नेमक्या सीमेचं काम शून्याधारित यांच्या तक्त्याने केलंच आहे.

(घ) चेक (प्रतिउदाहरण शोधणारी आज्ञा) चालवण्याआधी रन (अटींत बसणारं उदाहरण मागणारी आज्ञा) चालवा. आधी अटीशिवाय रिकामा रन. मग प्रत्येक नियमाच्या 'जर'साठी वेगळा रन: किमान एक प्रस्ताव मंजूर झालाय, किमान एक अधिकार सोपवलाय, आणि दोन्ही एकत्र. जो रन उदाहरण देत नाही, त्याच्यावर टेकलेला चेक फुकट पास होतोय.

हे चार झाले की 'जो मेकर आहे तो मंजूर करणारा नसावा' तपासा. स्कोप ३, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या जास्तीत जास्त ३ वस्तू, पुरेसा आहे. प्रतिउदाहरणात दोनच माणसं लागतात: क ने प्रस्ताव नोंदवला, चेकर ख आहे, ख ने अधिकार क कडे सोपवले, क ने मंजूर केला. कागदोपत्री मेकर क, चेकर ख, दोघे वेगळे, नियम १ पाळला गेला!

---

आडवा_तक्ता

हे रिव्ह्यूत कुणालाच दिसलं नव्हतं. मग सोपवतानाच अडवलं तर? ज्याचे प्रस्ताव प्रलंबित आहेत त्याच्याकडे अधिकार सोपवता येणार नाहीत, असं.

---

रानवाट

क्रम उलटा करा. आधी ख ने क कडे सोपवलं, तेव्हा क चा एकही प्रस्ताव प्रलंबित नाही. मग क ने नवा नोंदवला आणि स्वतःच मंजूर केला. अलॉय ६ मध्ये प्रतिनिधीला बदलतं फील्ड करा, 'ऑल्वेज' (प्रत्येक क्षणी खरं) लावून तपासा. चार स्थितींचा माग, म्हणजे घटनाक्रम, मिळेल. सोपवताना अडवून भागत नाही, मंजुरीच्या क्षणी जो प्रत्यक्ष बटण दाबतोय त्याच्याशी मेकरची तुलना हवी. आणि साखळीने सोपवणं चालतं का हे विचारा: ख ने ग कडे, ग ने क कडे. बीआरडी 'आपले अधिकार' म्हणतं. उसने घेतलेले अधिकार आपले की नाहीत?

---

जुनापाइप

एवढं सगळं एक अनुभवी टेस्टर अर्ध्या तासात सांगेल. त्यासाठी लॉजिक शिकायचं, टूल बसवायचं, मॉडेल सांभाळायचं. शिवाय मॉडेल बरोबर आहे हे कोण तपासणार? ग्राहक तर वाचणार नाही.

---

शून्याधारित

@जुनापाइप, पहिला माग टेस्टर सांगेल, मान्य. दुसरा, म्हणजे दुरुस्तीनंतरचा, सांगेलच याची खात्री नाही. टूलचा खरा उपयोग दुरुस्ती केल्याकेल्या सगळे चेक पुन्हा चालवण्यात आहे. माणूस तोवर कंटाळलेला असतो.

मॉडेल बरोबर आहे का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. वर (घ) मध्ये दिलेले रन हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

---

पाणकळा

रानवाट यांच्या दुरुस्तीत पुढचा खड्डा आहे. मंजुरीच्या क्षणी तुलना केली, ठीक. आता दोनच माणसांची शाखा घ्या. ख रजेवर, अधिकार क कडे, मेकर कायम क. मंजूर करणारं कुणीच उरत नाही. चुकीचं काही घडत नाही, पण योग्यही काही घडत नाही.

असल्या गोष्टीला टीएलए प्लस बरं. 'प्रलंबित प्रस्ताव कधी ना कधी मंजूर किंवा नामंजूर होईल' ही लाइव्हनेस (योग्य ते कधीतरी घडेलच) अट लिहा, मंजूर आणि नामंजूर या क्रियांना वीक फेअरनेस (सतत शक्य असलेली क्रिया कधीतरी होईलच) द्या. टीएलसी, म्हणजे टीएलए प्लसचं तपासणी टूल, माग दाखवेल: क्रिया कधी शक्यच होत नाही, म्हणून फेअरनेसचाही उपयोग नाही. म्हणजे बीआरडीत एक नियम कमी आहे: शाखेत पात्र चेकर नसेल तर प्रस्ताव वर जाईल. किती दिवसांनी, कुणाकडे, आणि तो वर गेल्यावर ख परत आला तर कुणाचा?

टीएलसी वापरताना दोन सावधगिऱ्या. लाइव्हनेस तपासताना कर्मचाऱ्यांच्या संचाला सिमेट्री सेट (सगळे सारखेच धरून स्थिती कमी करणं) करू नका, खरी चूक निसटू शकते. सिमेट्री फक्त सेफ्टीच्या ('चुकीचं काही घडत नाही' हे तपासणाऱ्या) धावेत ठेवा, दोन वेगळी कॉन्फिगरेशन करा. दुसरं, सगळे प्रस्ताव निकाली निघाले की पुढे कुठलीच क्रिया नसते, आणि टीएलसी त्याला डेडलॉक म्हणून ओरडतं. डेडलॉक तपासणी सरसकट बंद करू नका, खरा डेडलॉकही झाकला जाईल. 'सगळं संपलं' अशी काहीही न बदलणारी क्रिया जोडा.

---

तिन्हीसांज

नियम ७ चे ९० दिवस मॉडेलमध्ये कसे घालता? नुसता मोजणी करणारा व्हेरिएबल ठेवला तर?

---

पाणकळा

हिशेब करून बघा. ३ कर्मचारी, प्रत्येकाचा प्रतिनिधी कुणीच नाही किंवा बाकी दोघांपैकी एक: ३ × ३ × ३ = २७ शक्यता. २ प्रस्ताव, प्रत्येकी ४ स्थिती आणि ३ संभाव्य मेकर: १२ × १२ = १४४. एकूण जास्तीत जास्त ३,८८८ स्थिती, चिल्लर काम. आता प्रत्येक प्रस्तावाला ० ते ९० असा दिवसांचा काउंटर जोडा: ९१ × ९१ = ८,२८१ पट. आकडा ३ कोटी २१ लाखांच्या वर जातो, आणि हाती नवं काहीच लागत नाही, कारण १७ व्या आणि ४२ व्या दिवसात फरक नाही.

काउंटर काढून 'मुदत संपली' ही घटना ठेवा, मंजूर स्थितीत कधीही घडू शकणारी. त्याने सगळे क्रम तपासले जातात. उचल आणि मुदतसंपणं जवळजवळ एकाच क्षणी आलं तर कोण जिंकतं, हेही. 'मंजुरीपासून ९० दिवस' यात मंजुरीचा दिवस मोजायचा का, हे मॉडेल कधीच सांगणार नाही. ते तक्त्यात आणि टेस्ट केसमध्ये.

---

रानवाट

पाणकळांशी एक वाद. दोन माणसांच्या शाखेचा अडकलेला प्रस्ताव अलॉय ६ मध्येही सापडतो, लाइव्हनेस तिथेही लिहिता येते. छोट्या स्कोपमध्ये बहुतेक चुका दिसतातच हे अलॉयचं गृहीतक आहे, आणि छोट्या शाखेसाठी ते गृहीतक धरायचीही गरज नाही: शाखाच छोटी आहे. संशोधक पामेला झेव्ह यांनी कॉर्ड या २००१ सालच्या नावाजलेल्या नेटवर्क प्रोटोकॉलमधल्या चुका अलॉयनेच दाखवल्या.

---

पाणकळा

सापडेल. पण अलॉय ६ मुळात १० पायऱ्यांपर्यंतचे माग शोधतं, वाढवायचं तर तुम्ही सांगायचं. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ साली लिहिलेल्या लेखात डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधली एक चूक आहे, तिचा सर्वांत छोटा माग ३५ पायऱ्यांचा होता. कर्जमंजुरीत ३५ पायऱ्या लागणार नाहीत, हे मान्य. धागाकर्त्याने अलॉयच घ्यावं, एक टूल कमी शिकावं लागेल. वर जाण्याचा नियम आला, त्यात पुन्हा मुदती आल्या, की टीएलए प्लसकडे या.

---

गच्चीवरचा

सगळे मेकर-चेकरच्या गणितात रमलेत, पण त्याखालचं गृहीतक कुणी लिहिलेलं नाही: लॉगिन म्हणजे व्यक्ती. मॉडेलमध्ये 'क ने मंजूर केला' असं आपण लिहितो. यंत्राला फक्त इतकं माहीत असतं की क च्या लॉगिनने बटण दाबलं गेलं. पासवर्ड कागदावर चिकटवलेला असेल तर तुमचे सगळे ॲसर्ट पास होतील आणि एकच माणूस दोन्ही कामं करेल.

सॉफ्टवेअरचे अभ्यासक मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) आणि पामेला झेव्ह यांनी हे नीट मांडलंय. तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या: जगात काय हवंय, म्हणजे रिक्वायरमेंट; जगाबद्दल काय धरून चाललोय, म्हणजे डोमेनची गृहीतकं; आणि यंत्राच्या सीमेवर काय घडवायचं, म्हणजे स्पेसिफिकेशन. गृहीतकं आणि स्पेसिफिकेशन मिळून रिक्वायरमेंट निघाली पाहिजे. बीआरडीत तिन्हींची खिचडी असते, आणि सर्वांत आधी गळतं ते मधलं.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण वॉर्साचं. १४ सप्टेंबर १९९३, लुफ्तान्साचं ए-३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. हवं होतं हे: विमान जमिनीवर असेल तेव्हाच स्पॉयलर (पंखांवरच्या वेग मारणाऱ्या फळ्या) आणि रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा उलटा जोर) चालावेत. यंत्राला 'जमिनीवर' हे थेट कळत नाही; चाकांच्या स्ट्रटवरचा (आधारदांड्यावरचा) भार आणि चाकांचं फिरणं यांवरून ते ठरवलं जात होतं. एका बाजूची चाकं आधी टेकली, पाण्यावरून घसरणारी चाकं पुरेशी फिरेनात. जमिनीवर असूनही यंत्राच्या लेखी विमान काही सेकंद हवेत होतं. ब्रेक लागायला उशीर झाला, विमान धावपट्टीपलीकडच्या मातीच्या बांधावर गेलं, दोघांचा मृत्यू झाला. सॉफ्टवेअर स्पेसिफिकेशनबरहुकूम चाललं होतं. 'जमिनीवर असेल तर भार पडेल किंवा चाकं फिरतील' हे गृहीतक त्या दिवशी खोटं ठरलं.

तेव्हा अलॉयमध्ये 'व्यक्ती' आणि 'लॉगिन' हे दोन वेगळे सिग (वस्तूंचे प्रकार) करा. 'एका लॉगिनमागे एकच व्यक्ती' ही अट फॅक्टमध्ये, म्हणजे कायम खऱ्या धरलेल्या अटींत, पुरू नका. नाव दिलेल्या प्रेडिकेटमध्ये (हवी तेव्हाच लावायची अट) ठेवा आणि प्रत्येक चेकमध्ये 'हे धरलं तर' असं उघड लिहा. कुठला नियम कुठल्या गृहीतकावर उभा आहे हे एकेक प्रेडिकेट काढून बघितलं की कळतं. ती यादी ऑडिटरला द्या, तिथे ओटीपी किंवा बोटाचा ठसा लागेल की नाही ते ठरेल.

---

रानवाट

+१. वरच्या माझ्या मॉडेलमध्येही हे दोन सिग हवेत.

---

तिन्हीसांज

हल्ली एआयला बीआरडी दिलं की अलॉय मॉडेल मिळतं. चालेल का?

---

शून्याधारित

पहिला खर्डा म्हणून चालेल. त्यात दोन गोष्टी हटकून तपासा: नको तिथे टाकलेले फॅक्ट, आणि एक्सटेंड्स. फॅक्ट जितके जास्त तितके चेक सहज पास होतात, आणि पास झालेला चेक बघून कुणी खोलात जात नाही. प्रत्येक फॅक्टपुढे बीआरडीच्या नियमाचा क्रमांक कॉमेंटमध्ये लिहायला लावा. क्रमांक नसलेला फॅक्ट म्हणजे कुणीतरी मनाने घातलेला नियम.

---

आडवा_तक्ता

आता जुनापाइप यांचा प्रश्न माझाही. संचालक मंडळासमोर हे कसं न्यायचं? लॉजिक दाखवलं तर बैठक तिथेच संपेल.

---

गच्चीवरचा

टूलचा आलेख दाखवू नका, सूत्र तर नाहीच. प्रत्येक प्रतिउदाहरणाचं एक छोटं टिपण करा: चार-पाच ओळींचा घटनाक्रम, खऱ्या पदनामांनी. खाली एकच प्रश्न आणि दोन-तीन पर्याय. उदाहरणार्थ:

सोमवार: शाखाधिकारी रजेवर, अधिकार लेखनिकाकडे.
मंगळवार: लेखनिक ३ लाखांचा प्रस्ताव नोंदवतो.
मंगळवार: लेखनिक तोच प्रस्ताव मंजूर करतो.
हे चालेल का? (अ) चालेल (आ) नाही, प्रस्ताव शाखाधिकारी येईपर्यंत थांबेल (इ) नाही, मुख्य कार्यालयाकडे जाईल

निवडलेल्या पर्यायावर सही घ्या आणि तो नियम म्हणून मॉडेलमध्ये टाका. 'अ' निवडला तर वाद घालू नका. तोही निर्णयच आहे, फक्त तो आता लिहून झालेला असतो.

नियम पुन्हा लिहिताना वाक्याचे साचे ठरवून घ्या. रोल्स-रॉइसमध्ये तयार झालेली ईअर्स पद्धत मराठीत बिनबोभाट बसते: घटनेसाठी 'जेव्हा', टिकणाऱ्या स्थितीसाठी 'जोवर', नको असलेल्या प्रसंगासाठी 'जर… तर'. नियम २ मधला 'सोपवू शकेल' यात घटना कोणती आणि स्थिती कोणती हे कळत नाही. 'जोवर अधिकारी रजेवर आहे, तोवर' लिहिलं की लगेच विचारता येतं: रजा संपली की अधिकार आपोआप परत येतात का?

---

जुनापाइप

टिपणाची कल्पना पटली. बाकी मत कायम: मॉडेल सहा महिन्यांनी कुणी उघडणार नाही.

---

शून्याधारित

उघडू नये कुणी. टीएलसी कमांड लाइनवरून चालतं, नियमांची फाइल बदलली की सीआयमध्ये (बदल झाला की तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) आपोआप चालवा. ३,८८८ स्थितींना वेळ तो काय लागणार? मॉडेल मरतं ते बीआरडी ईमेलमधून बदलतं तेव्हा. त्यावर टूल नाही.

---

आडवा_तक्ता

शेवटचं. ६ आणि ७ एकत्र चालवून बघितले. माग असा: मंजूर, मुदत संपायच्या बेतात, रक्कम १ रुपयाने कमी, पुन्हा मंजूर, नवे ९० दिवस. हे कितीही वेळा करता येतं. ही चूक की सोय?

---

पाणकळा

ते मंडळ ठरवेल, टिपण करा. पर्यायांत 'मुदत पहिल्या मंजुरीपासूनच मोजायची' हा ठेवा. आणि रक्कम बदलून प्रस्ताव पुन्हा मंजुरीला गेलाय, पण निकाल लागायचाय, तेव्हा जुनी मंजुरी जिवंत असते का? त्या फटीत उचल होऊ शकते का, हा चेक वेगळा लिहा. नियम ६ वाचून सांगता येत नाही.